पान एकशे बारा

दुसाने काका, तुमच्या पुस्तकाला आता पाठ उरलेली नाही.
सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून मी ते बांधलंय,
आणि पान सत्तेचाळीसवर चहाचा जो गोल डाग आहे
तो माझा नाही, इक्बाल कोकणीचा.
तो कबूल करत नाही.

'सांधेवाले शिपाई' तुम्ही छापून घेतलंत
जेलरोडच्या लग्नपत्रिकावाल्याकडून,
हंगाम संपल्यावर, स्वस्तात.
पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला अजून
कुणाच्या तरी मुहूर्ताची अक्षरं
पुसट, उलटी उमटलेली दिसतात.

मी सिडकोत मिक्सर दुरुस्त करतो.
बुधवारी गोदाकाठच्या बाजारात जुन्या मोटारी शोधायला जातो.
तिथं गंजक्या नळांच्या ढिगात
मला एक प्लास्टिकचा माणूस सापडला. वीस रुपये.
एक हात नाही, छातीवर कुणाचे तरी दुधाचे दात उमटलेले.
त्याचं नाव तुम्ही सांगितलंत:
"पाणबुड्या, दुसरा साचा. सातपूर, त्र्याऐंशी.
डावा हात बहुधा हरवतोच. स्क्रू गंजतो.
वाईट वाटून घेऊ नये."

काका, असं कोण लिहितं?
मापं द्यावीत, रंग द्यावा, तेव्हाची किंमत द्यावी,
आणि खाली बारीक टायपात
माणसाच्या पाठीवर हात ठेवावा.

नोटांच्या प्रेसमध्ये तीस वर्षं
तुम्ही चुकलेल्या नोटा बाजूला काढल्या.
संध्याकाळी गेटवर झडती व्हायची,
पण ती नजर तुम्ही रोज घरी नेलीत.
म्हणून आज कुणी नवा ओतलेला नकली शिपाई
दीड हजाराला गळ्यात मारू लागला
की रेवती पगारे त्याला उलटा करते,
तळव्याखालची रेघ नखानं चाचपते
आणि एवढंच म्हणते, 'पान एकोणीस.'
विकणारा चहा मागवतो.

आणि हे पान एकशे बारा.
एक रिकामी चौकट. खाली:
"बिनतारीवाला. सिंहस्थाच्या वर्षी निघाला असं ऐकतो.
मी पाहिलेला नाही. कोणाकडे असल्यास दाखवावा."
अकरा वर्षं आम्ही त्या चौकटीत राहत होतो.

मिळाला तो देवळाली कॅम्पात,
बंद पडलेल्या एका सलूनच्या गल्ल्यात,
वस्तऱ्याच्या पात्यांखाली.
पाठीवर यंत्र, यंत्रावर तार,
गुडघे अजून कुरकुरणारे.
रिक्षात आम्ही तिघं आणि तो, रेवतीच्या रुमालात.
बिटको चौकात सिग्नलला इक्बाल म्हणाला,
'श्वास घेता येईल असा धर.'

आम्हाला वाटलं होतं, भिंतभर कपाटं असतील.
एक कॅलेंडर, एक फोल्डिंगची खाट,
आणि डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेले तुम्ही.
"माझ्याकडे एकही नव्हता कधी," म्हणालात,
"कॉलनीतल्या पोरांकडून रात्रीपुरता मागून आणायचो.
मोजायचा, लिहायचा,
शाळा भरायच्या आत परत."
इक्बाल उगाच खिडकीबाहेर बघायला लागला.

"हा ठेवा, तुमचाच," आम्ही म्हणालो. येतानाच ठरलं होतं.
तुम्ही ते ऐकलंच नाही, फूटपट्टी मागितलीत.
अंगठा फिरवलात खांद्यावरून, कमरेवरून,
साच्याच्या शिवणीवर जरा थांबलात,
मग त्याला पानावर आडवा निजवून
भोवतीनं पेन्सिल फिरवलीत.
चौकट लहान पडली.
तार समासात गेली, पान क्रमांकाला जाऊन टेकली.
"मी चार इंची धरला होता," तुम्ही पुटपुटलात,
कुणाची तरी माफी मागावी तसे.

निघताना दारात म्हणालात,
"रात्रीपुरता ठेवतो. सकाळी घेऊन जा."

त्याला आता सात महिने झाले, काका.
मिक्सर फार आलेत दुरुस्तीला.
रेवतीला सुट्टी नाही, इक्बालची गाडी बिघडलेली.
कुणालाच वेळ होत नाहीये.