छातीला लागलं

नाशिककरांना पूर मीटरमध्ये कळत नाही.
दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं.
छातीला लागलं म्हणजे सराफ बाजारातली शटरं
कुणी न सांगता खाली येतात.

त्या सप्टेंबरात होळकर पुलाच्या कठड्याला पोट टेकून
मी एक फोटो काढला.
कॅमेरा उसना, सुनंद क्षेमकल्याणीचा.
काचेवर थेंब पडला होता, तो उजवीकडे राहिला,
ढगासारखा दिसतो, ढग नाही.
कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख.

तेव्हा माझं एक पान होतं.
कॉलेज रोडच्या कॅफेत, तासाला वीस रुपये मोजून
रात्री रात्री उभं केलेलं;
निळ्यावर पिवळी अक्षरं, आज बघवणार नाहीत.
तळाशी मोजणी: तुम्ही चारशे बारावे पाहुणे.
त्यातली निम्मी मीच.
उरलेले अख्खा पत्ता टाइप करून यायचे,
तिरक्या रेघांसकट,
जसं कुणी गल्लीत विचारत विचारत घर शोधावं
आणि चपला काढून आत यावं.

मस्कतहून श्रावण गायधनी लिहायचा,
पाणी कुठवर आलंय? आईचा फोन लागत नाही.
मी छत्री घेऊन पुलापर्यंत जायचे,
बघून यायचे,
लिहायचे: मांडीला. उतरतंय.

एवढंच माझं प्रकाशन.

आता पत्ता कोण टाइप करतं?
अंगठा वर सरकतो आणि खालून येत राहतं,
कुणाचं बारसं, कुणाची मिसळ,
द्राक्षांच्या औषधाची जाहिरात,
कुणाचा तरी संताप, पुन्हा मिसळ.
काठ नाही. कुठं उभं राहून बघायचं?

काल दुपारी, चांगलं कडक ऊन असताना
सिन्नरहून मावशीचा फोन:
अगं, छातीला लागलंय म्हणे, सामान वर चढव!
मागोमाग तिनं पाठवलेला पुरावा.
माझाच फोटो.

नारिंगी तारीख कापलेली.
पाणी कुणीतरी जास्त काळं केलेलं.
नदीच्या मधोमध कसलासा शिक्का,
वर लाल अक्षरं: आत्ताचं नाशिक, पुढे पाठवा.
एकानं त्याला ढोल-ताशा लावला.
संध्याकाळपर्यंत सतरा ग्रुपांत मीच मला भेटले.
एका ठिकाणी हा पूर सांगलीचा होता,
आणि दोन माणसं मनापासून भांडत होती
पूर कुणाचा म्हणून.
थेंब मात्र कुणी पुसला नव्हता.

मी लिहिलं: फोटो माझा आहे, जुना आहे.
तीन जणांनी हात जोडले.
चौथ्यानं विचारलं, ताई, पुरावा?

पुरावा शोधायला जुन्या पत्त्यावर गेले.
रेघा, ठिपके, सगळं पाठ होतं अजून.
हे पान अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं,
तेही इतक्या सभ्यपणे
की मला जरा राग आला.

तरी रडगाणं नको.
गेल्या पुरात तो तन्मेष, गणेशवाडीतला भाजीवाल्याचा पोरगा,
फोन उंच धरून ओरडत होता:
चार वाजून दहा मिनिटं, पाणी कमरेला, मागे सरका!
अकरा हजार माणसं त्याच्या खांद्यावरून बघत होती.
मला चारशे बारा जमवायला दोन वर्षं लागली.
त्यानं काही जपून ठेवलेलं नाही. विचारलं तर म्हणाला,
पूर ओसरला ना, काकू.

आज सकाळी पुलावर गेले.
नदी बारीक, पायऱ्यांवर साड्या वाळत घातलेल्या.
दुतोंड्याची पावलं कोरडी,
शेंदूर ताजा, एक कुत्रं सावलीला झोपलेलं.
फोटो काढला, कापला नाही, काही लिहिलं नाही,
मावशीला पाठवला.

दोन निळ्या खुणा आल्या.
मग बराच वेळ ती टाइप करत राहिली.

हा जुना दिसतोय, ती म्हणाली.