एकोणीस मिनिटं

खानापूर स्टँडामागं, झेरॉक्सच्या दुकानात
शटर अर्धं ओढलं की मी माझं उघडते.
दिवसभर दुसऱ्यांचं टाइप केलेलं असतं:
उतारे, शपथपत्रं, लग्नाची एक पत्रिका कन्नडात, एक मराठीत,
नवरी तीच.

आधी जुन्या फायली.
तेव्हाचा फाँट आता कुठल्याच मशीनला कळत नाही.
रूपांतराचं एक फुकटचं साधन आहे, त्यात ओतायचं
आणि पलीकडनं मराठी निघते,
फक्त ळ गळून.
बे गाव. ज ण. ओ ख.
मी एकेक ळ हातानं परत बसवते,
छपराचं फुटकं कौल बदलावं तसा,
खालनं, काठीनं उचलून.

मग शुद्धलेखन तपासणारं. ते तर लालभडक.
'जाऊलालो'खाली लाल, 'करूलालीस'खाली लाल.
आई ज्या बोलीत जेवायला हाक मारते
तिच्याखाली परगावच्या मास्तराची रेघ.
'शब्दकोशात घाला' असं एक बटण असतंय.
दाबते. रोज चार-पाच.
एवढ्या वर्षांत त्या बिचाऱ्याला
आमची अर्धी गल्ली बोलायला शिकवून झाली.

शेवटी मोजणीचं पान.
आज अकरा. काल नऊ.
नकाशावर एकच निळा ठिपका, तोही बेंगळुरात.
नंदगडचा असो, बिडीचा असो, लोंढ्याचा,
फोन कंपनीची तार तिकडनं फिरते म्हणून
वाचायला बसला की माणूस बेंगळुरास जातो.
ह्यावर मी काही बोलत नाही.
आमच्याकडं नकाशाचा विषय काढला की रात्र पुरत नाही.

बाबा कौलांच्या कारखान्यात मोजणीला होते.
भिंतीवर खडूनं चार उभ्या, एक आडवी.
फुटकं मोजायचं नाही. तडा गेलेलं अर्धं.
मी विचारलं, अर्धं कौल कोण घेतंय?
म्हणाले, अर्धं छप्पर असलेला.

यंत्राला अर्धं माहीत नाही.
दारातनंच परतलेला एक,
बसून उठलेलाही एक.

पण गुरुवार.
सहा गुरुवार झाले, रात्री नवाला कुणीतरी येतो,
कारखान्याच्या भोंग्यावर लिहिलेलं माझं जुनं काढतो,
साडेतीनशे शब्द,
आणि एकोणीस मिनिटं थांबतो.
मी घड्याळ लावून वाचलं. दोन मिनिटं.
वाटलं, फोन उघडा टाकून झोपत असेल.
'स्वतःच्या भेटी मोजू नका' ती खूण दोनदा तपासली.
मी नव्हते.

शुक्रवारी इराप्पा बडिगेर आला, आधारच्या झेरॉक्सला.
फोन काचेवर ठेवला, तडा गेलेला,
त्यात माझंच पान.

"तुज्या बाबासंगं भट्टीवर हुतो मी.
शाळा कन्नड. तुमची अक्षरं नातीकडनं शिकलो,
जोडूलालो अजून, एकेक.
गुरुवार पगाराचा वार, म्हणून बसतोय सगळी कट्ट्यावर.
मी वाचतो. जुझेबाव मधीच म्हणतो, असं नव्हतं, तसं हुतं.
भोंग्याची ओळ आली की हुसेन तोंडानं वाजवतो,
मग गंगव्वा हसतीया, मग मी ओळ हरवतो.
शांतव्वाला ऐकू येत नाय.
तिला सगळं परत सांगूक लागतंय, कानात."

दोन रुपये मोजून ठेवले आणि गेला.

रात्री पान उघडलं.
काल, नऊ वाजता: वाचक एक.

खडू नव्हता.
टोनरनं काळं झालेलं बोट घेऊन
शटरच्या आतल्या बाजूला चार उभ्या ओढल्या,
इराप्पा, जुझेबाव, हुसेन, गंगव्वा,
आणि आडवी निम्म्यावर थांबवली.
ऐकू येत नाही, तर अर्धी.

मग आठवलं,
तिला दोनदा सांगतात.

पुरी ओढली.