कळमन्याच्या धरमकाट्यावर

माझ्या टेबलावर चालला होता तो.
मनीषनगरात, नव्या लॅपटॉपवर, चौदा वेळा.
मग पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात
आणि स्कूटर कळमन्याला.

काट्याच्या केबिनमधला संगणक धुळीने करडा,
त्यावरचं लिनक्स दहा वर्षांमागचं.
बिघडलं नाही म्हणून कुणी बदललं नाही.
बाहेर मृगबहाराचे अकरा ट्रक.
ईश्वर ठवकरांनी एंटर दाबलं
आणि पडद्यावर एकच ओळ:
हवी ती आवृत्ती सापडली नाही.

"काऊन चालून नाई राहिलं बाप्पा?"

मी यादी काढली,
कुणाकुणाच्या भरवशावर उभा आहे हा.
गणिताची लायब्ररी, आहे.
काटा ज्या वायरीतून बोलतो तिची, आहे.
आणि तळाशी सगळ्यांची ती एक, सी-ची,
आहे, पण दोन-सतरा.
याला दोन-चौतीस हवी.

असं काय नवं मागतोय हा?
वजन वाचतो, क्रेट वजा करतो, पावती छापतो.
खोदत गेलो तर नाव निघालं
सुरू होण्याचंच.
माझी पहिली ओळ येण्याआधी
जे फंक्शन याला ऊठ म्हणतं
त्याच्यावर नवा शिक्का,
माझ्या मशीनने मला न विचारता मारलेला.

गेल्या साली काटोलला शहाणपणा केला होता:
माझ्याकडची नवी लायब्ररी
तिथल्या जुनीच्या जागी ठेवली.
मग फायलींची यादीसुद्धा निघेना.
पंखा फिरतोय, दिवा लागलाय,
आणि एकेक आज्ञा तोंड मिटून.
दुसऱ्याच्या पायव्याला तेव्हापासून हात लावत नाही.

सगळं याच्या पोटातच भरून आणता आलं असतं,
डब्यासोबत चूलही.
पण उद्या बाहेर कुणी भोक बुजवलं
तरी याच्या पोटातलं उघडंच.

"इथंच बनवा ना मंग. ह्याच्यावरच."
ठवकर सुपारी कातरत म्हणाले.

जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं,
उलटं होत नाही.
पुण्यात हे मी स्लाइड लावून शिकवलंय,
पोरांनी टिपूनही घेतलंय.

पन्नास मिनिटं लागली.
ड्रायव्हर तर्री-पोहे खाऊन आले, पुन्हा हॉर्न सुरू.
मधे बहिणीला फोन केला:
उशीर होतोय मला.
"काय?"
उशीर होऊन राहिला.
"हां. मंग असं बोल ना."

प्रिंटर खरखरला.
सात टन तीनशे चाळीस.
पहिल्या ड्रायव्हरने पावती उन्हात धरली,
उलटी केली, सुलटी केली.
"मोर्शीच्या काट्यावर तर
साडेसात दाखवत होता, भाऊ."
ठवकरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी वायर हलवून बघितली.