हिरवी नखं

रात्रपाळीत भट्टीपाशी मी एकटाच असतो,
मकरपुऱ्याच्या शेवटच्या शेडमध्ये,
जिथं रस्त्यावरचे दिवे संपतात आणि कुत्री सुरू होतात.
काटा एकशे नव्वदवर. अजून वीस अंश.
आत पाइनच्या फळ्या, मध्ये पट्ट्या घालून रचलेल्या.
दाराला कान लावला तर कुरकुरताना ऐकू येतात.
जळत नाहीत. वाफ त्यांना जळू देत नाही.
किरीटभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात,
"अंदर हवा ज नथी, साहेब, बळे केवी रीते?"

पहाटे तीनला वास बदलतो.
आधी ओल्या गोणपाटाचा, मग राळेचा,
आणि मग, दर वेळी मला दचकवणारा,
करपल्या गुळाचा,
संक्रांतीच्या पाकाकडे कुणाचं लक्ष राहू नये तसा.
लाकडातली साखर चालली की असा वास येतो.
बुरशी येते ती या गोडीसाठीच.
वाळवीचं मी छातीठोक सांगत नाही,
किरीटभाई सांगतात.

दाजींच्या लातीत भट्टी नव्हती.
प्रतापनगरच्या यार्डामागे लांबलचक हौद होता
आणि हौदात हिरवं पाणी.
कुंपणाचे खांब त्यात बुडायचे,
तीन दिवसांनी वर यायचे
विश्वामित्रीतल्या मगरींसारखे, पाठीवरून पाणी गाळत.
नाव होतं त्या पाण्याला, पिंपावर कवटीसकट छापलेलं.
दाजी त्याला दवा म्हणायचे.
"दवा प्यालेला खांब तीस वर्षं मरत नाही."
हातमोजे मालकाच्या कपाटात असायचे.
दाजींची नखं हिरवी.
राखेनं, लिंबानं, रॉकेलनं, कशानंच न जाणारी.

आई त्यांना चमचा द्यायची.
भाकरीसुद्धा ती आमटीत चुरून द्यायची
चमच्यानं उचलेल इतकी बारीक.
मी शाळेत सांगायचो, आमचे दाजी साहेबासारखे जेवतात.
मला जवळ घ्यायचे ते मनगटाच्या मागच्या बाजूनं,
गालावरून एकदाच, पुसल्यासारखं.
सगळ्यांचे वडील असंच करतात
असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

लाती बंद झाली. तिथं आता लग्नाचा हॉल आहे.
हौद कशानं भरला, कुणी विचारलं नाही.

भट्टीतून निघालेली फळी चहाच्या रंगाची,
उचलाल तर हाताला वाटतं, काहीतरी विसरलं.
थेट खिळा ठोकलात तर तडकेल,
आधी भोक पाडा, मग स्क्रू, हळू.
जमिनीत पुरू नका, खाली वीट द्या.
तेल नाही लावलं तर दोन पावसाळ्यांत राखाडी होईल,
होऊ द्या.
परवा एक बाई आल्या होत्या, बालवाडीच्या बागेसाठी बाक हवे होते.
"मुलं कडा चावतात हो. चालेल?"
चालेल, म्हणालो,
पण म्हणायला मला वेळ लागला.

उरल्यासुरल्या तुकड्यांचा एक खोका केला.
गच्चीवर ठेवला, शेणखत घातलं, धने रगडून टाकले.
तीन आठवड्यांनी दाजींना वर नेलं.
अठरा पायऱ्या, दोनदा बसून.
खोक्याच्या कडेवर त्यांनी तळवा ठेवला
आणि झटकन उचलला.
मग पुन्हा ठेवला. मग हुंगला.
"गूळ आहे का रे यात?"
"होता."
"आणि दवा?"
"नाही."
"मग टिकणार कसं?"
वाफ, तापमान, तास, मला सगळं पाठ आहे.
"भाजलंय," एवढंच म्हणालो.
"हां. मडक्यासारखं."

नखं आता पिवळट, जाड,
कुठल्याही म्हाताऱ्याची असावीत तशी.
त्यांनी कोथिंबिरीची एक काडी खुडली,
मुळाशी चिकटलेल्या मातीसकट,
आणि तशीच तोंडात घातली.
हात धुतले नाहीत.

मी खाली वाकलो.
कोपऱ्यातला एक स्क्रू
पुरता बसला नव्हता.