मागची बाजू

मॅडमनी फोटो मोबाइलवर पाठवला, खाली लिहिलं:
कोरियातला जुना दागिना,
तिथल्या बायका पोलक्याच्या गाठीला अडकवतात.
वर हिरवा खडा, मध्ये दोरीची गाठ, खाली गोंडा.
हा असाच करायचा. साडेसात फूट.
आणि आतून उजेड.

मी कुपवाडात पत्र्याच्या शेडमध्ये दुकानांच्या पाट्या करतो.
'अमृततुल्य', 'दातांचा दवाखाना', 'येथे झेरॉक्स मिळेल'.
अक्षरं पेटवायची, एवढं मला येतं.
गाठ म्हणाल तर बुटाच्या नाडीचीही धड येत नाही.

म्हणून मिरजेला गेलो, बदरुद्दीन पटवेगारांकडे.
माझ्या बायकोचं मंगळसूत्र दर दोन वर्षांनी तेच गाठवून देतात.
जिन्याखाली चार बाय पाचची जागा,
उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेलं रेशीम,
चष्मा दोरीनं कानाला.
फोटो बघितला. मोठा केला. आणखी मोठा केला.
मग मोबाइलच उलटा करून बघितला.
"ह्याची मागची बाजू कुठाय?"
म्हटलं, मॅडम म्हणतात, मागून पुढून सारखंच असतं.
बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, आमच्या गाठीला पाठ असते.
चुका तिथं ठेवतो.

सुतळीवर तीन दिवस घालवले त्यांनी.
बांधली कमी, मनातल्या मनात उसवली जास्त.
एकच दोरी, मधोमध दुमडलेली,
शेवंतीसारख्या पाकळ्या काढत हिंडते
आणि दोन्ही टोकं शेवटी गोंड्याच्या डोक्यात शिरतात.
"गेला तो धागा परत आला पाहिजे," म्हणाले.
मी म्हटलं, चाचा, करंटचंही तेच.
एवढ्या बोलण्यावर आमचा भाव ठरला.

खरी कटकट पुढं.
सिलिकॉनची नळी, करंगळीएवढी जाड,
तिला रेशमाचं वळण कुठलं?
तिसऱ्या पाकळीत आतून तुटली,
पडलेल्या दातासारखी काळी फट.
दोन मीटरचे पैसे गेले.
पाकळ्या वाढवल्या. मग अंगठ्याचं काय?
एवढी दोरी कुठला अंगठा धरणार?

शेडच्या तुळईला साखळीची कप्पी होती,
आधीच्या भाडेकऱ्याची, इंजिनं उचलायची.
तिचा हूक चाचांनी हातानं चाचपला,
त्याला जुन्या लुंगीचा बोळा गुंडाळला,
म्हणाले, हा आता माझा अंगठा.
आणि साठ वर्षांत पहिल्यांदा
उभं राहून गाठ घातली.

गोंड्याला तेराशे तंतू,
प्लास्टिकचे, केसासारखे, टोकाला उजेडाचा ठिपका.
ते त्यांची सून निलोफर विंचरायची,
स्वतःच्या कंगव्यानं, पोरीला शाळेत सोडून आली की.
कंगव्यात एक-दोन तुटून आले तर
हळूच पदराआड करायची.

विश्रामबागेतल्या हॉटेलात टांगला त्या रात्री
मॅनेजरचे फोटो संपेनात.
मॅडम कोपऱ्यात व्हिडिओ कॉलवर कुणाला तरी दाखवत होत्या,
पलीकडून टाळ्यांचा बारीक आवाज.
चाचा चालत चालत त्याच्या मागं गेले,
म्हणजे ज्याला मागं नाही त्याच्या.

चौथ्या पाकळीत एक वेढा वरून जायचा
तो खालून गेलेला.
त्यांनी बोट दाखवलं तेव्हा दिसला,
मग मला दुसरं काही दिसेना.
पुढं येऊन बघितलं.
पुढूनही तोच.

"कुणाला कळत नाही, चाचा."
"किती वेळ लागंल?"
"रात्र जाईल."

ते खाली फरशीवर बसले,
सवयीनं उजवा पाय पुढं,
अंगठा ताठ, त्यात काहीच नाही,
आणि नखावर वरून सांडलेले गोंड्याचे ठिपके.
"आधी बटण बंद कर," म्हणाले,
"डोळे दिपतात.
अंधारात बोटांना बरं समजतं."

मी मेन स्विच शोधायला गेलो.