उग्र वास

साक्री सोडल्यावर पांझरेच्या काठाने
उघडे दगड, बाभळी, वाळू उपसलेले खड्डे,
आणि मधेच, कुणी विसरून गेल्यासारखी,
द्राक्षांची हिरवी चौकट.
लेक म्हणाली, बाबा, आज तीन ठिकाणं.
जावई म्हणाला, पितात थोडी, थुंकतात जास्त.
मी बोललो नाही.
एकतीस वर्षं दारूबंदी खात्यात काढलेला माणूस
मागच्या सीटवर बसून
शेततळ्यांचं निळं प्लास्टिक मोजत राहिला.

पहिल्या ठिकाणी थंडगार खोली.
बाहेर मार्चातच एक्केचाळीस.
हेमांगी नावाची मुलगी, इथलीच, पिंपळनेरची,
काळा एप्रन, मराठी पुस्तकातली,
'फळ' म्हणताना जिभेवर आलेला 'य' गिळणारी.
ग्लास फिरवा, म्हणाली, नाक आत घाला,
घाई नको. काय काय येतं ते सांगा.
जावयाला जांभूळ आलं.
लेकीला लवंग, मग ओलं लाकूड.
काका, तुम्हाला?

माझं नाक धुळ्यापासून तळोद्यापर्यंत ओळखीचं होतं.
नाल्यात पुरलेलं मडकं मी वाऱ्यावरून काढायचो.
ट्रकच्या ट्यूबमध्ये भरलेली,
केळीच्या घडांखाली दडवलेली,
एकदा तर वरातीच्या ढोलात.
कागदावर मात्र सगळ्यांना एकच:
'अंदाजे वीस लिटर, उग्र वासाचे आंबट रसायन,
जागीच ओतून नष्ट केले.'
पंच तेच दोघे. शाई तीच.
एकतीस वर्षांत दुसरं विशेषण लागलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी थुंकायला पितळी बादली,
देवघरातल्यासारखी घासलेली.
लोक तोंडभर घेऊन तीत सोडत होते,
न घाबरता, न पळता.
मला कोंडाईबारीखालचा नाला आठवला.
आम्ही मडकी उपडी केली
आणि खाली पाण्यावर आलेली गाय
दिवस मावळेपर्यंत तिरकी चालत राहिली.
आम्ही पोट धरून हसलो.
रेतीबाई वळवीही हसली,
ते मात्र मला खटकलं.
मी मांडीवर पॅड घेऊन लिहायला बसलो
तशी ती जवळ आली, कोपरापर्यंत राख,
"उग्र नका लिखा भाऊ. पयले वास त ल्या."
मी टोपी नीट केली
आणि लिहिलं.

तिसऱ्या ठिकाणी व्हरांडा, वेताच्या खुर्च्या.
वारा डोंगराकडून फिरला.
मोह गळायचे दिवस.
ग्लासात काय होतं कुणास ठाऊक,
ग्लासाच्या पलीकडून ते आलं:
तव्यावर गूळ सांडल्याचं,
पहाटे सारवलेल्या भुईचं,
तान्ह्या पोराच्या टाळूवरच्या तेलाचं,
आणि त्याच्या तळाशी आणखी काहीतरी,
ज्याला मी आयुष्यभर
लाथेने उपडं केलं.
जावई म्हणाला, सापडलं का काही?
मी म्हटलं, सर्दी आहे.

निघताना अभिप्रायाचं कार्ड.
'सुगंध' असा रकाना.
हाताने सवयीने 'उ' काढला.
मग त्याचा मी 'उत्तम' केला.

परतीच्या वाटेवर नाका.
नुकतं मिसरूड फुटलेला जवान खिडकीत वाकला.
पायाशी तीन बाटल्या एकमेकींवर वाजल्या.
लेकीने बिल दाखवलं. जा, म्हणाला,
मला ओळखलं नाही त्याने, कशाला ओळखेल.
पुढे, मोटारसायकलवरून उतरवलेली एक बाई
गोणपाटावर हात ठेवून उभी होती.
गाठ सुटायच्या आधीच
त्याने खिशातून पेन काढलं होतं.

मी काच खाली घेतली.
रेतीबाईचं वाक्य, तिच्याच बोलीतलं,
माझ्या दातांपर्यंत आलं.
जावयाला वाटलं मला उलटी होतेय.
त्याने गाडी बाजूला घेतली.