तीनदा ब्रेक

गाव मीच वसवलं. बावीस कंटेनर,
त्यांना मातीचा रंग, दारं निळी.
बाजारात प्लास्टिकची कलिंगडं;
उणे अठरा अंशांत तीच तेवढी टवटवीत.
बांग टेपवर. गेल्या हिवाळ्यात कुणी घड्याळ लावायला विसरलं,
तेव्हा गावाने दुपारी अडीचला पहाट केली.

अल्बर्टाच्या या माळावर कधी रानगवे येतात.
ते माझ्या कुठल्याच पानावर नाहीत.
लेफ्टनंट विचारतात, हेही ठरवलेलंच का?
मी हो म्हणतो.

माझं काम म्हणजे माणशी एक कार्ड.
'तुझी शेळी हरवली आहे.'
'कॅप्टनवर राग आहे, पण त्याचा चहा आवडतो.'
'तुला ऐकू येत नाही आणि तू ते कुणाला कळू देत नाहीस.'
पोरं लढायला येतात, मी त्यांना शेळी शोधायला लावतो.
लुटुपुटीचं म्हणून हसणारा
तिसऱ्या दिवशी हसत नाही.

सतरा नंबरचं कार्ड एका ओळीचं होतं:
'गाडी नाक्याकडे येते. थांबत नाही.'
मिरवैसने ते उलटंसुलटं करून पाहिलं.
एडमंटनमध्ये एकोणीस वर्षं टॅक्सी चालवतो तो,
आमच्याकडे रोजावर गावकरी होतो.
ओरेस्ट, म्हणाला, का थांबत नाही?
सैनिकांना निर्णय घ्यायला लावायचा आहे म्हणून.
ते तुझं कारण झालं. गाडीचं सांग.

मग त्यानेच सांगितलं.
जुनी गाडी, ब्रेकमध्ये हवा.
पहिल्यांदा दाबला की पाय थेट तळाला,
दुसऱ्यांदा जरासा धरतो,
तिसऱ्यांदा थांबते.
घरात सगळ्यांना ठाऊक होतं.
नाक्यावर नव्हतं.

खोटं कशाला बोलू,
माझ्या मनात आधी आलं ते, काय तपशील मिळाला!
भावाचं नाव त्याने चहा संपल्यावर सांगितलं.
ते मी कुठे लिहिलं नाही.

सतरा: ब्रेक तीनदा.
गाडी मीच चालवणार, म्हणाला.

अकरा तुकड्या आल्या.
अकरा वेळा, दुसऱ्या दाबाला,
त्याच्या छातीवरचा लेझरचा पट्टा किंचाळला.
किल्ली फिरवेपर्यंत तो पट्टा थांबत नाही.
मिरवैस किल्ली फिरवायचा, गाडी मागे घ्यायचा,
हीटरवर हात धरून बसायचा.
मी आढाव्यात फळ्यावर लिहायचो: कमी पडले, दीड सेकंद.
पोरं बुटांकडे बघायची.

बारावीत एक ड्रेगर नावाची मुलगी होती, सॅस्कॅचेवनच्या शेतावरची.
ओरडली. रस्ता सोडून बाजूला झाली.
पहिला दाब.
दुसरा. बंदूक खांद्याला, बोट बाहेर.
तिसरा.
तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर गाडी उभी,
आणि पट्टा गप्प.

आढाव्यात म्हणाली, आमच्या धान्याच्या ट्रकचं असंच आहे, सर.
नाक खाली जाताना दिसलं. दाबत होते ते.
फळ्यावर लिहायला काही नव्हतं.

मिरवैस गाडीतून उतरलाच नव्हता.
मी गेलो तशी त्याने काच खाली केली.
जमतं म्हणजे, म्हणाला.
आणि पुन्हा, माझ्याकडे न बघता: जमतं.
हिशेबात कुणीतरी आजवर फसवल्याचं
आत्ता लक्षात आल्यासारखं.

सकाळी कार्ड घेऊन दारात उभा.
पेन्सिलीने तीन खोडून चार केलेले.
मी म्हटलं, मिरवैस, चारदा दाबावा लागेल
अशी गाडी रस्त्यावर कोण काढतं?
खरं वाटायला हवं.

तो बर्फाचे बूट पायरीवर आपटत राहिला,
आधी एक, मग दुसरा.
घरात तेवढी एकच होती, म्हणाला.